जुन्या लाँगबोंची मापं घ्या, आणि ती सर्वांसाठी खुली ठेवा

प्रति,
ज्यांच्या ताब्यात जुनी इंग्लिश लाँगबो (माणसाच्या उंचीची लाकडी धनुष्यं) आहेत ती ब्रिटनमधली संग्रहालयं, चर्चचे विश्वस्त, धनुर्विद्येच्या जुन्या संस्था, लिलावगृहं आणि खासगी संग्राहक

विषय : ऐतिहासिक लाँगबोंच्या मोजमापांची नोंद

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या एका लहान संग्रहालयाने आपल्याकडचं यू या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं जुनं धनुष्य प्रदर्शनातून काढून गावाबाहेरच्या गोदामात हलवायचं ठरवलं. जागेची अडचण असते, ते मी समजू शकते. हलवण्याआधी ते धनुष्य एकदा नीट मोजू द्यावं, एवढीच विनंती मी केली होती. मोजणी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच माणसासमोर, हातमोजे घालून आणि दोरी न चढवता होणार होती. उत्तर आलं की वस्तूची नोंद पूर्ण आहे, आणखी मोजमापाची गरज नाही. ती पूर्ण नोंद मी पाहिली आहे. धनुष्य, यू लाकूड, लांबी सुमारे सहा फूट, अवस्था चांगली. बस्स, एवढंच. संग्रहालयाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, आणि अशी नोंद फक्त त्यांच्याकडेच आहे असंही नाही. त्यांच्या उत्तरामागची जी समजूत आहे, तिच्याबद्दल हे पत्र आहे. लांबी लिहिली की धनुष्य मोजून झालं, ही ती समजूत.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये कामाला लागले तेव्हा सुरुवातीला माझ्या हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर याशिवाय काही दिलं जात नव्हतं. जॉब मोजायचा, लिहायचा, मग दुसऱ्याने तो माझा आकडा न बघता पुन्हा मोजायचा. आकडे जुळले नाहीत तर जॉब टेबलावरून हलायचा नाही. पुढे नोकरीमुळे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आले आणि पोर्ट्समथच्या गोदीत मेरी रोझच्या संग्रहालयातली धनुष्यं पाहिली. तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. आज मी स्वतः यू, अ‍ॅश आणि एल्मची धनुष्यं घडवते. जुन्या धनुष्याबरहुकूम नवं धनुष्य करायचं तर माझ्यासारखीला फोटो पुरत नाही. रंधा कुठे थांबवायचा ते मापच सांगतं.

मापं घेतली तर काय हाती लागतं, याचा सगळ्यात मोठा दाखला पोर्ट्समथलाच आहे. 19 जुलै 1545 रोजी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं मेरी रोझ हे युद्धजहाज पोर्ट्समथजवळच्या सोलेंट सामुद्रधुनीत फ्रेंच आरमाराशी लढताना बुडालं. 1836 ते 1840 या काळात डीन बंधूंनी पाणबुड्याचा पोशाख घालून तिथून तोफा वर काढल्या. त्यांच्याबरोबर काही लाँगबोही आली. नंतर ती जागाच लोक विसरले. 1971 मध्ये अवशेष पुन्हा सापडले, 1979 पासून पाण्याखाली पद्धतशीर उत्खनन झालं आणि 11 ऑक्टोबर 1982 ला जहाजाचा उरलेला सांगाडा वर आला. गाळातून 170 हून अधिक लाँगबो मिळाली, त्यातली 137 अखंड होती. बाण तर साडेतीन हजारांच्या आसपास.

त्याआधी परिस्थिती काय होती? क्रेसी 1346, प्वातिये 1356, अजिनकोर्ट 1415. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धातल्या या लढायांवर पुस्तकांची कपाटं भरली आहेत, पण त्या रणांगणावरचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं एकही धनुष्य आपल्याकडे नाही. सोळाव्या शतकापर्यंत खाली आलं तरी नमुने बोटांवर मोजण्याइतकेच. त्यामुळे युद्धाच्या लाँगबोचं पाउंडेज, म्हणजे ते पूर्ण ओढायला लागणारा जोर पौंडांत, किती असावं, यावर प्रत्येकाचं वेगळं मत होतं. आजच्या हौशी तिरंदाजाला जेवढं ओढवतं त्याच्या थोडं वर, असा अंदाज करणारेही बरेच होते. मेरी रोझची धनुष्यं वर आली आणि ती मोजली गेली. लांबी 1.87 मीटरपासून 2.11 मीटरपर्यंत, सरासरी 1.98 मीटर. काही मूळ धनुष्यांना दोरी चढवून ओढूनही पाहिलं. ओढीचा आकडा मिळाला. पण चार शतकांहून जास्त काळ खाऱ्या गाळात पडून लाकूड आतून खंगलं होतं, त्यामुळे तो आकडा धनुष्याच्या तरुणपणाचा मानता येईना. मग रॉय किंग यांनी मूळ मापांवरून ताज्या यू लाकडात प्रतिकृती घडवल्या, डच गणिती बॉब कोय यांनी तीच मापं आपल्या गणिती प्रारूपात घातली, आणि लाँगबोचा आयुष्यभर अभ्यास केलेले अभिनेते रॉबर्ट हार्डी या कामात सल्लागार होते. उत्तर आलं 100 ते 185 पौंड. हार्डींच्या मते त्यातली नेहमीची धनुष्यं 150 ते 160 पौंडांची, बाण 30 इंच ओढल्यावर.

जहाजावरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक पूर्ण जुळून न आल्याचं दिसतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असं झालं असावं, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. माणसाच्या हाडाशी धनुष्याची गाठ घालता येते ती धनुष्याचा आकडा हातात असतो म्हणून. 2011 मध्ये त्या जहाजावरच्या शस्त्रांचा दोन खंडांतला सविस्तर अहवाल छापून आला, आणि आज माझ्यासारखी बाहेरची बाईसुद्धा त्या धनुष्यांविषयी चार गोष्टी ठामपणे बोलू शकते. एका संस्थेने हे करून दाखवलं आहे. म्हणून बाकीच्यांकडे मागायला मला संकोच वाटत नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. जाडीला मी इतकी का धरून बसले आहे?

धनुष्याची पाठ म्हणजे नेमबाजाच्या पलीकडची बाजू, पोट म्हणजे त्याच्याकडची. पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर ती जाडी. वाकवताना लाकूड किती विरोध करेल हे रुंदीवर सरळ प्रमाणात अवलंबून असतं, पण जाडीच्या घनावर. रुंदी दुप्पट केली तर विरोध दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. बाकी सगळं तेच ठेवून 33 मिलिमीटर जाडीचं धनुष्य सगळ्या लांबीभर त्याच हिशेबाने जाड करून 34 केलं, तर ते सुमारे 9 टक्क्यांनी कडक होतं. 150 पौंडांचं धनुष्य 164 ला जातं, एका मिलिमीटरने. आणि आपल्या नोंदवह्यांत जाडी कशी लिहिलेली असते? लिहिलीच असेल तर ‘सव्वा इंच’. मोजणाऱ्याने जवळच्या अष्टमांश इंचावर आकडा आणला असेल, तर ही सव्वा इंच जाडी प्रत्यक्षात 30.2 मिलिमीटर असू शकते किंवा 33.3. या दोन टोकांत कडकपणाचा फरक 35 टक्के पडतो. एका टोकाला 110 पौंडांचं धनुष्य असेल तर दुसऱ्या टोकाला 148 पौंडांचं. एक सरावाच्या मैदानातलं म्हणता येईल, दुसरं जहाजावरचं. आणि नोंद दोघांची एकच, सव्वा इंच.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी याच एका गोष्टीतून निघतात.

पहिली तक्रार लांबीचीच, जी तुम्ही लिहिता. ती कुठून कुठपर्यंतची, हे लिहीत नाही. लाकडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत? दोरी अडकवायला टोकांवर बसवलेल्या शिंगाच्या टोपणांसकट? की दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत? पाठीवरून वळणाबरोबर टेप फिरवला, की टोकाला टोक सरळ रेषेत धरलं? मेरी रोझच्या धनुष्यांची शिंगाची टोपणं समुद्राने जवळपास सगळी खाल्ली. टोकाजवळ थोड्या लांबीचा फिकट, निमुळता शंकू तेवढा उरला आहे, जिथे टोपण बसवलेलं होतं. बाकीचं लाकूड काळपट झालं, टोपणाखालचं झाकलेलं राहिलं. काही टोकांवर एका कडेने तिरकी पुसट खाच दिसते, ती शिंगातून कापत लाकडात उतरलेली. इतकं बारीक काही जिथे शिल्लक आहे, तिथे लांबी कुठून धरली हे न सांगणं म्हणजे तो शंकू आणि ती खाच पाहिलीच नाही असं होतं.

दुसरी तक्रार अशी की रुंदी-जाडी एकाच जागेची असते. ‘मध्यावर दीड इंच रुंद.’ मध्य कुठला? भूमितीतला मध्य आणि बाण जिथून सुटतो ती जागा, या दोन वेगळ्या. मेरी रोझच्या बऱ्याच धनुष्यांवर मध्याच्या जरा वर कारागिराने टोच्याने बारीक खुणा केल्या आहेत. वरची बाजू कुठली, हे त्यांवरून कळतं. आणि मध्यापासून टोकापर्यंत लाकूड कसं निमुळतं होत जातं, तिथेच तर कारागिराचा हात दिसतो. मध्यावर सारखीच जाडी असलेली दोन धनुष्यं, एक सरळ रेषेत निमुळतं होणारं आणि दुसरं शेवटच्या वीतभर लांबीत एकदम बारीक होणारं, अगदी वेगळी वाकतात. एका जागेच्या मापातून हे दिसत नाही आणि दिसणारही नाही.

तिसरी तक्रार छेदाच्या आकाराची. जिथे-तिथे ‘डी आकाराचा छेद’ असं लिहून मोकळं व्हायची सवय पडली आहे. हा ठरावीक डी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या निशाणबाजीच्या धनुष्यांचा आहे, पाठ सपाट आणि पोट कमानदार. मेरी रोझवरच्या धनुष्यांत जवळजवळ गोल छेद आहेत, चपटे आहेत, कडा सरळ असलेलेही आहेत. हा फरक दिसण्यापुरता नाही. रुंदी आणि जाडी अगदी तीच ठेवून छेद चौकोनाचा गोल केला, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे 59 टक्क्यांवर येतो. म्हणजे दोन आकडे बरोबर लिहूनही आकार चुकला, तर उत्तर भलतंच येतं. छेद काढायचा तो कागदावर, ठरावीक अंतरावर, प्रत्यक्ष. एका अक्षराने भागत नाही.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते. माप कोणत्या तारखेचं आणि लाकूड तेव्हा कोणत्या अवस्थेत होतं, हे लिहिलेलं नसतं. लाकूड वाळताना लांबीत नावापुरतंच आखडतं, पण आडव्या दिशेने चांगलंच, आणि वाढीच्या वर्तुळांच्या बाजूने एक तर त्यांच्या आरपार वेगळं. त्यामुळे लांबी विश्वासाची राहते आणि जाडी, जिच्यावर सगळं उभं आहे, तीच बदलते. ओलं असताना मोजलं का? वाळल्यावर? लाकूड टिकवण्यासाठी मेण किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन भरल्यावर? खोलीतली आर्द्रता किती होती? जुन्या नोंदवहीत 1950 च्या दशकातलं माप आणि आजचं माप दीड मिलिमीटरने वेगळं आलं, तर कुणाचा हात चुकला की लाकूड आखडलं, हे कसं ठरवायचं? तारीख आणि अवस्था नसलेला आकडा नंतरच्या माणसाला निरुपयोगी ठरतो.

पाचवी, मापांशिवाय फिरणारं पाउंडेज. नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅनिकच्या किल्ल्यात एक धनुष्य आहे, 1464 च्या हेजली मूरच्या लढाईतलं म्हणून सांगितलं जाणारं. लांबी 1.66 मीटर, म्हणजे मेरी रोझच्या सगळ्यात आखूड धनुष्याहूनही वीतभर कमी. एडिनबरोच्या आर्चर्स हॉलमध्ये फ्लॉडनच्या 1513 च्या लढाईशी जोडलं जाणारं एक आहे, त्याला 80 ते 90 पौंड लावतात. असे आकडे एका लेखातून दुसऱ्यात जातात. त्यांच्या शेजारी दर 10 सेंटिमीटरवरची रुंदी-जाडी छापलेली मला क्वचितच दिसते. मी त्या आकड्यांना खोटं म्हणत नाही. पडताळून पाहता यायला हवेत, एवढंच म्हणते. धनुष्य त्या लढाईतलं आहे की नाही, हा वेगळा वाद आहे. तोही मापं, वर्तुळांची दाटी आणि लाकडाची जात यांच्याशिवाय पुढे सरकणार नाही.

लाकडाबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मापातच धरायला हवी. यूच्या धनुष्यात पाठीला बाहेरचं पांढरट लाकूड ठेवतात, ते ताण झेलतं. पोटाला आतला तांबूस गाभा, तो दाब झेलतो. पांढऱ्या थराची जाडी किती आणि ती टोकाकडे कशी बदलते, इंचात वर्तुळं किती, गाठी कुठे आहेत आणि कारागिराने त्या उंच ठेवल्या की सपाट केल्या, ही सगळी मापंच आहेत. 1472 मध्ये इंग्लंडने कायदा केला की इंग्लिश बंदरात येणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे चार धनुष्यकाठ्या आणाव्यात, इतकी या लाकडाची टंचाई होती. परदेशी डोंगरात सावकाश वाढलेला, दाट वर्तुळांचा यू आणि इथला भराभर वाढलेला यू यांतला फरक वर्तुळं मोजल्यावरच कळतो. नोंदीत फक्त ‘यू’ लिहिलं की तो सगळा व्यापार पुसला जातो.

सहावी तक्रार अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या धनुष्यांविषयी. 1781 मध्ये लंडनला टॉक्सोफिलाइट सोसायटी ही धनुर्विद्येची संस्था स्थापन झाली आणि पुढची शंभरेक वर्षं सरदार-उमराव, पाद्री आणि घरंदाज बायकाही निशाणबाजी करत राहिल्या. त्यांची धनुष्यं शेकड्यांनी शिल्लक आहेत आणि ‘शोभेची’ म्हणून भिंतींवर टांगलेली आहेत. बऱ्याच धनुष्यांवर मुठीजवळ कारागिराचं नाव आणि पाउंडेजही उमटवलेलं असतं. म्हणजे मूळ कारागिराने स्वतः सांगितलेला आकडा आणि धनुष्याची आजची मापं शेजारी-शेजारी ठेवता येतील. गणित पारखून घ्यायला याहून चांगली सामग्री कुठे मिळेल? आणि हीच धनुष्यं कुणी हौसेने दोरी चढवून ओढतं आणि मोडतं. मोडल्यावर मग मोजायला तुकडे उरतात.

लिलावगृहांना एवढंच सांगणं आहे की विक्रीच्या यादीत ‘जुनं लाँगबो, सुमारे सहा फूट’ छापून ते धनुष्य कुणाच्या तरी बैठकीत कायमचं जाऊ देऊ नका. त्या वस्तूचा प्रवास तुमच्या टेबलावरून होतो, तेव्हाच ती मोजता येते.

आणि शेवटची तक्रार आम्हा लोकांविषयी, धनुष्यं घडवणाऱ्यांविषयी. आपल्यातल्या काहींना जुनी धनुष्यं हाताळायची संधी मिळाली, त्यांनी मापं घेतली आणि ती वहीत बंद ठेवली. कुणी प्रतिकृती विकतं, त्यामुळे माप म्हणजे धंद्याचं गुपित. सार्वजनिक संग्रहातल्या वस्तूचं माप एका माणसाचं कसं होईल? मोजू देताना संग्रहालयांनी हीच अट घालावी की आकडे संग्रहालयाकडे जमा होतील आणि कुणालाही मिळतील.

तुमच्या अडचणी मी ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. लाकूड ठिसूळ असतं, स्टीलचा कॅलिपर त्यावर ओरखडा पाडतो, सुतारी कामातलं दात्यांचं प्रोफाइल गेज मऊ झालेल्या पृष्ठभागात रुततं. म्हणून ती साधनं वापरायचीच नाहीत. धनुष्य मऊ फोमच्या खाचांत तीन-चार ठिकाणी आधार देऊन आडवं ठेवायचं, हातात उचलून धरायचं नाही. पाठीवर पातळ पॉलिस्टरची पट्टी अलगद टाकायची, तिच्यावर मध्यापासून दोन्हीकडे दर 10 सेंटिमीटरला खूण. धनुष्यावर पेन्सिलसुद्धा टेकवायची नाही. नायलॉनच्या जबड्यांचा कॅलिपर, जो टेकतो पण दाबत नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहून तेच मोठ्याने परत वाचायचं. वरच्या टोकापासून खालपर्यंत एकदा, मग अदलाबदल करून खालून वर. दोन वाचनांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती जागा तिसऱ्यांदा मोजायची. दोरी न चढवलेल्या धनुष्याचा पाठीमागचा किंवा पुढचा बाक, पिळ, वजन, गाठी, खुणा हे सगळं धरून एका धनुष्याला निम्मा दिवस जातो. फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती बनवता येते, लेसर स्कॅन करता येतो, ते जरूर करावं. स्पर्श नको असेल तर तेच उत्तम. पण स्कॅनची फाइल कुणाच्या तरी संगणकात पडून राहणार असेल आणि दहा वर्षांनी उघडणार नसेल, तर कागदावरचा आकड्यांचा तक्ता तिच्याहून बरा. दोन्ही हवेत.

आणि वजन जरूर करावं. नुसत्या काट्यावर ठेवायचं, त्याला काय लागतं? छेदांवरून धनुष्याचं घनफळ काढता येतं, वजनाला त्याने भागलं की लाकडाची घनता मिळते. आजच्या, नीट वाळवलेल्या यूची घनता माहीत आहे. मिळालेला आकडा तिच्यापासून फार दूर गेला तर लाकूड पोखरलं आहे, भरलं आहे, किंवा मुळात यू नाही, हे न कापता कळतं.

हे पत्र इंग्रजीतून आपल्याकडे वेगळं येतच आहे. मराठीत लिहिते, कारण या देशात आज संग्रहालयशास्त्र, लाकडाचं जतन आणि स्कॅनिंग यांत काम करणारी, शिकणारी मराठी मुलं-मुली आहेत, आणि तिरंदाजी क्लबांतही मराठी माणसं भेटतात. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या दारात मोजमापाची विनंती घेऊन उभं राहील. त्यांना काय मागायचं ते आधी माहीत असावं. तुम्ही नाही म्हणालात तर का नाही म्हणता हेही त्यांनी विचारावं.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या लाँगबोची लांबी ती कुठून कुठपर्यंतची आहे हे लिहून, आणि रुंदी व जाडी मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत दर 10 सेंटिमीटरला, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत नोंदवा. जुने इंचातले आकडे खोडू नका, शेजारी ठेवा. निदान पाच जागांचे छेद काढा. मोजणीची तारीख, मोजणाऱ्या दोघांची नावं, वापरलेलं साधन, लाकडाची अवस्था आणि झालेले सगळे उपचार त्याच पानावर असू द्या.

हे आकडे कुणालाही विनामूल्य वाचता येतील असे ठेवा. सार्वजनिक पैशावर किंवा देणग्यांवर चालणाऱ्या संग्रहाने तरी त्यासाठी शुल्क लावू नये.

मोजलेलं नसेल ते धनुष्य गोदामात हलवू नका, उसनं देऊ नका, विकू नका. मोजणी आधी, पेटी नंतर. मनुष्यबळ नसेल तर प्रशिक्षित स्वयंसेवक घ्या. या देशात हे काम फुकट आणि जबाबदारीने करणारी माणसं आहेत, त्यांतली मी एक. नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या आणि कारण लिहा. ‘नोंद पूर्ण आहे’ हे कारण होत नाही.

कोणत्याही जुन्या धनुष्याला दोरी चढवू नका, पाहुण्यांसाठी नाही आणि कॅमेऱ्यासाठीही नाही. आणि जिथे पाउंडेज छापाल तिथे ते मोजलेलं आहे, गणिताने काढलेलं आहे की प्रतिकृतीवरून आलेलं आहे, आणि किती इंच ओढीला, हे त्याच ओळीत लिहा.

खासगी संग्राहकांना मी सक्ती करू शकत नाही, विनंती करते. नाव-पत्ता जाहीर न करता मापं देता येतात. धनुष्य तुमचंच राहील.

मोजणीच्या तक्त्याचा नमुना मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तयार केला आहे. जी संस्था मागेल तिला पाठवीन, आणि त्यांच्या सुताराने, जतनतज्ज्ञाने किंवा मोजणाऱ्याने त्यात सुधारणा सुचवल्या तर त्या घालून पुन्हा पाठवीन. आपल्यापैकी प्रत्येकाच्या लेखी उत्तराची मी वाट पाहते आहे. उत्तर आलं तर, आपली परवानगी असेल तेवढं, ते असंच उघडपणे प्रसिद्ध करीन.

कळावे,

आपली नम्र,
लाँगबो घडवणारी एक पुणेकर, हॅम्पशायर